मराठीचे दार कुठे आहे?

रेल्वेच्या कुठल्याही फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहा. दोन खांबांवर बसवलेली पिवळी पाटी दिसेल आणि तिच्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत गावाचे नाव, पुष्कळ ठिकाणी तीन भाषांत, लिहिलेले असेल. आपल्या महाराष्ट्रात तर गंमतच होते. मराठी आणि हिंदी, दोघींची लिपी देवनागरी. त्यामुळे पुष्कळ स्थानकांवर एकच नाव दोनदा लिहिलेले दिसते आणि परप्रांतातला एखादा पाहुणा विचारतो, रंगाऱ्याचा हात चुकला की काय? त्याला सांगावे लागते, बाबा रे, हे एक मराठीतले पुणे आहे आणि ते दुसरे हिंदीतले.

पाकिटातल्या नोटेचेही तसेच. मागच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्टीत १५ भाषांत नोटेची किंमत लिहिलेली असते, प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत. हिंदी आणि इंग्रजी धरली की १७ भाषा झाल्या. वरून मोजत आलात तर मराठी आठवी. तमिळ माणसाला आसामी ओळ वाचता येत नाही, पण त्याचे काही अडत नाही. त्याचे डोळे बरोबर आपल्या ओळीवर जाऊन थांबतात.

पाटी आणि नोट, दोन्हींचा एक मोठा गुण आहे. तिथे भाषा मागावी लागत नाही. सगळ्या भाषा एकाच वेळी समोर असतात, ज्याने त्याने आपली उचलावी. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर हे जमत नाही. तळहाताएवढ्या जागेत एका वेळी एकच भाषा मावते. बाकीच्या भाषा पडद्यामागे असतात आणि त्यांना पुढे बोलावण्यासाठी पानाच्या कोपऱ्यात एक लहानशी यादी ठेवलेली असते: मराठी, हिंदी, इंग्रजी. वाचकहो, आजचा हा लेख त्या चार बोटांच्या यादीबद्दल आहे. संकेतस्थळांची मांडणी करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तो करताना माझे असे मत झाले आहे की, कुठल्याही संस्थेला मराठी माणसाची किती कदर आहे, हे तिच्या उद्‌घाटनाच्या भाषणांपेक्षा या यादीवरून लवकर कळते.

ताट वाढण्याची रीत

यादी कशी दिसावी, कुठे असावी, अक्षर केवढे असावे हे ठरवणारी एक नियमांची भाषा आहे. तिचे नाव सीएसएस, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स. नाव ऐकून घाबरायचे कारण नाही. ज्या घरात पंगत वाढली जाते, त्या घराला सीएसएस ठाऊकच आहे.

स्वयंपाक एक आणि वाढणे दुसरे. ताटात वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भाताची मूद. हे नियम एकदा ठरले की शंभर पाने वाढली तरी प्रत्येक पानात चटणी डावीकडेच येते. संकेतस्थळाच्या पानावरचा मजकूर हा स्वयंपाक आणि सीएसएस ही वाढण्याची रीत. शीर्षक वर, त्याचा रंग निळा, दोन ओळींत इतके अंतर, यादी उजव्या कोपऱ्यात. नियम एकदा लिहायचा, तो सगळ्या पानांना लागू होतो.

आणि 'कॅस्केडिंग' म्हणजे काय? तेही पंगतीतच शिकायला मिळते. आमटी सगळ्यांना सारखी, हा झाला सर्वसाधारण नियम. पण आजोबांच्या वाटीत कमी तिखट, हा खास नियम. खास नियम आला की सर्वसाधारण नियम तेवढ्यापुरता मागे सरतो. नियम वरून खाली असे झिरपत येतात, म्हणून ते नाव.

ही कल्पना होकोन व्यूम ली या नॉर्वेजियन तरुणाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली. तेव्हा तो स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत काम करत होता. जिथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, तीच ही प्रयोगशाळा. पुढे बर्ट बॉस हा डच गृहस्थ त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली प्रमाण आवृत्ती निघाली. मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक छोटी सोय आली, जी आपल्या दृष्टीने मोलाची आहे. 'मजकूर अमुक भाषेतला असेल तर हा नियम लावा' असे सांगता येऊ लागले. म्हणजे आजोबांच्या वाटीसारखी मराठीचीही वेगळी वाटी ठेवता येऊ लागली. ती ठेवायची की नाही, हे मात्र वाढणाऱ्याच्या मनावर.

पन्नास रुपयांची गोष्ट

वाटी ठेवली नाही तर काय बिघडते, ते सांगते.

माझी एक मावशी साताऱ्याजवळच्या गावात राहते. जुनी मॅट्रिक. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून निविदांपर्यंत वाचते आणि शब्दकोडे शाईच्या पेनाने सोडवते. काकांच्या पश्चात तिला एका कार्यालयाचा अर्ज संकेतस्थळावर भरायचा होता. नातवाने मोबाइलवर पान उघडून दिले आणि तो शाळेत गेला. पान इंग्रजीत. मावशीने तासभर खटपट केली, मग पिशवीत कागदपत्रे घालून ती एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत गेली. तिथल्या मुलाने पन्नास रुपये घेऊन अर्ज भरून दिला. त्यासाठी तिने त्याला आधार कार्ड दिले, बँकेचे पासबुक दिले आणि फोनवर आलेला ओटीपीही वाचून दाखवला. मुलगा सज्जन होता म्हणून बरे.

पुढच्या सुट्टीत मी गेले, तेव्हा तिने हे सगळे सांगितले. मी ते पान उघडून पाहिले.

"मावशी, अगं हे मराठीतही आहे."

"आहे? मग मला कसं नाही दिसलं?"

कसे दिसणार? पानाच्या उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या. त्या दाबल्या की एक लांब पट्टी उघडत होती. पट्टीच्या तळाशी 'लँग्वेज' हा शब्द इंग्रजीत, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात. त्यावर बोट ठेवले की दोन नावे यायची आणि त्यातले 'मराठी' हे नावही रोमन अक्षरांत. म्हणजे ज्या बाईला इंग्रजी येत नाही म्हणून मराठी हवे, तिने मराठीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी तीन वेळा इंग्रजीची परीक्षा द्यायची! आत मराठीचा अर्ज चांगला तयार होता. कुणीतरी मेहनतीने भाषांतर केले होते, 'वारसदार', 'निवृत्तिवेतन' असे शब्द नेटके वापरले होते. ते सारे कुलूपबंद खोलीत ठेवल्यासारखे झाले होते.

मावशीला पन्नास रुपयांचे काही वाटले नव्हते. तिला लागले ते वेगळेच. "त्या पोरासमोर मी अडाणी ठरले गं," ती म्हणाली.

भाषेच्या यादीचा पहिला नियम मी या गोष्टीवरून सांगते. समोरचे पान ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही यादी असते. ज्याला ते वाचता येते, त्याला तिची गरजच पडत नाही. म्हणून यादीतले प्रत्येक नाव त्या त्या भाषेत, त्या त्या लिपीत हवे. मराठी हे 'मराठी' असेच दिसले पाहिजे, बांगला बंगाली अक्षरांत आणि उर्दू उर्दू लिपीत. कॅनडात १९६९ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच यांना बरोबरीचा दर्जा मिळाला. तिथल्या सरकारी संकेतस्थळाच्या इंग्रजी पानावर वर उजव्या कोपऱ्यात एकच शब्द असतो, 'फ्राँसे', फ्रेंच लोक लिहितात तसा. फ्रेंच पानावर त्याच जागी 'इंग्लिश'. पट्टी नाही, रेघा नाहीत, चाचपडणे नाही. भाषा दोन-तीनच असतील तर नावे अशी उघडी ठेवावीत. युरोपीय संघाला २४ अधिकृत भाषा सांभाळायच्या आहेत, त्यांना यादी मिटून ठेवणे भाग आहे. मराठी आणि इंग्रजी अशा दोनच भाषा असलेल्या पानाने त्या तळघरात ठेवायचे कारण काय?

झेंड्यांची पंचाईत

आता दुसरी अडचण. एका तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी करत होते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी, अशा तीन भाषा. कार्यवाह उत्साही गृहस्थ. त्यांनी कुठेतरी भाषांच्या नावांपुढे छोटे झेंडे पाहिले होते.

"मॅडम, आपणही झेंडे लावू. शोभून दिसतं."

"लावू की. इंग्रजीला कुठला?"

"इंग्लंडचा."

"आणि अमेरिकेतल्या सभासदांनी काय करायचं? बरं, हिंदीला?"

"तिरंगा."

"मग मराठीला?"

"भगवा!" कार्यवाह जोरात म्हणाले.

"म्हणजे तिरंगा फक्त हिंदीचा आणि मराठी त्याच्या बाहेरची?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "छे छे, तसं कसं! राहू द्या झेंडे."

झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो. स्वित्झर्लंडचा झेंडा एक आणि राष्ट्रीय भाषा ४: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. स्पॅनिश भाषेला स्पेनचा झेंडा लावला तर मेक्सिकोच्या माणसाने कुठे जायचे? आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यांना झेंडे वाटत बसलो तर भांडणेच लागतील. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचाही सल्ला हाच आहे की, भाषा दाखवायला झेंडे वापरू नयेत. शेजारच्या गोव्यात आणखी एक पेच आहे. १९८७ च्या कायद्याने तिथे देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद झाली. पण कोंकणी रोमन लिपीतही लिहिली जाते, कर्नाटकात कन्नड लिपीतही. म्हणजे तिथे नुसती भाषा निवडून भागत नाही, लिपीही विचारावी लागते. यावर एकही झेंडा उत्तर देणार नाही. भाषेचे नाव भाषेच्या अक्षरात लिहिणे, याहून सोपा आणि चोख उपाय अजून तरी कुणाला सापडलेला नाही.

वेलांटीला डोके, उकाराला पाय

नाव मराठीत लिहिले म्हणजे काम संपले का? इथून खरे सीएसएस सुरू होते.

इंग्रजी अक्षरे साधारण एका पट्टीत बसतात. देवनागरी मात्र शिरोरेषेच्या वर आणि पायाखालीही राहते. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार; खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून ज्याने ओळीची उंची आवळून बांधली, त्याच्या यादीत आपली अक्षरे गुदमरतात. चौकटीबाहेर आलेले झाकून टाका असा नियम असेल, तर 'हिंदी'वरचा अनुस्वार कापला जातो आणि उरते नुसते 'हिदी'. 'संस्कृत'चा पाय तुटतो.

म्हणून मराठीसाठी खास नियम लिहायचा. इंग्रजी ओळीची उंची अक्षराच्या सव्वापट असली तरी खपते. मराठीला मी दीडपटीच्या वरच ठेवते, बहुधा एक पूर्णांक सहा दशांश. अक्षराच्या आकाराचेही तेच. एकाच मापाचे इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवले की मराठी बारीक वाटते, कारण तेवढ्याच उंचीत तिला मात्रा आणि उकारही बसवायचे असतात. इंग्रजी १४ पिक्सेल असेल तर मराठी १६ ठेवावी. पंगतीत कुणी पक्षपात म्हणणार नाही. दोघे सारखे दिसावेत म्हणून एकाला थोडे जास्त वाढायचे, इतकेच.

इंग्रजीत शोभेसाठी अक्षरे थोडी दूर दूर मांडण्याची पद्धत आहे. तोच नियम मराठीवर आला की शिरोरेषा तुटते आणि 'मराठी' हा शब्द पडलेल्या दातांसारखा दिसू लागतो. अक्षरे तिरकी करण्याचीही इंग्रजीत जुनी परंपरा आहे, त्यांच्याकडे त्यासाठी वेगळे ठसे कोरले गेले. आपल्याकडे बहुतेक टंकांना तसा वेगळा तिरका जोडीदार नसतो. मग यंत्र सरळ अक्षरालाच ढकलून कलते करते आणि ते पडायला आल्यासारखे दिसते. हे दोन्ही नियम मराठीपुरते रद्द करायला प्रत्येकी एक ओळ लागते. अक्षरशः एक ओळ.

जागेचा हिशेबही वेगळा. इंग्रजी 'होम' चार अक्षरांत आटोपते, मराठीत 'मुख्यपृष्ठ' येते. इंग्रजी शब्दाच्या मापाने खण कापून ठेवला तर मराठी नावाच्या शेवटी तीन टिंबे उरतात. खणाला रुंदी ठरवून देऊ नये, शब्दाप्रमाणे त्याला ऐसपैस होऊ द्यावे. उर्दूसाठी तर सगळी पंगतच उलट्या बाजूने सुरू होते. तिथे 'डावीकडे जागा सोडा' असे न लिहिता 'सुरुवातीला जागा सोडा' असे लिहिण्याची सोय आता सीएसएसमध्ये आहे. सुरुवात कुठली, ते भाषा ठरवते.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी, ज्यांच्यापायी माणसे परत फिरतात. माउसचा बाण वर नेला की उघडणारी यादी मोबाइलवर उघडत नाही, कारण बोटाला काचेवर तरंगत राहता येत नाही. ते एकतर टेकते किंवा टेकत नाही. करड्यावर करडे लिहिले तर साठीच्या डोळ्यांना ते दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण हवे, असे मानक सांगते. दाबायची जागा निदान २४ पिक्सेल लांब-रुंद असावी, असे ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या सुधारित मानकात आहे. मी त्याच्या दुप्पट ठेवते. आपल्याकडे वाढताना 'पुरे' म्हणेपर्यंत थांबत नाहीत.

एक लिपी, दोन भाषा

मघाचा पाहुणा आठवा, ज्याला एकच नाव दोनदा लिहिलेले दिसले होते. तो प्रश्न संगणकालाही पडतो. देवनागरी मजकूर समोर आला की ती मराठी, हिंदी, नेपाळी की कोंकणी हे नुसत्या अक्षरांवरून त्याला खात्रीने कळत नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळाला. मराठीतल्या 'ल'चा आणि हिंदीतल्या 'ल'चा क्रमांक एकच. पण शाळेत आपण गिरवलेला 'ल' आठवून पाहा, हिंदी पुस्तकातला 'ल' त्याहून वेगळा असतो. 'श'चेही तसेच. मराठीसाठीची प्रमाण वर्णमाला शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिली, ती या असल्याच कारणांनी.

मग पडद्यावर मराठी वळण कसे आणायचे? मजकुराला एक चिठ्ठी लावायची: 'ही मराठी आहे'. त्या चिठ्ठीवर दोन रोमन अक्षरे असतात, एम आणि आर. काही चांगल्या टंकांमध्ये दोन्ही वळणांची अक्षरे ठेवलेली असतात. चिठ्ठी दिसली की टंक आपला 'ल' काढतो, नाही दिसली तर हिंदी वळणाचा. दृष्टिहीन वाचकांसाठी तर ही चिठ्ठी म्हणजे जीव की प्राण. पडदा वाचून दाखवणारी त्यांची प्रणाली चिठ्ठी पाहून आवाज बदलते. यादीतल्या 'मराठी' या शब्दाला चिठ्ठी नसेल, तर इंग्रजी आवाज तिथे गप्प बसतो किंवा भलतेच पुटपुटतो आणि ज्याच्यासाठी दार ठेवले, त्याला ते ऐकूच येत नाही.

ही सगळी साधने आयती मिळाली नाहीत. नव्वदीच्या दशकाअखेर मराठी वर्तमानपत्रे वेबवर आली, तेव्हा ज्याचा त्याचा टंक निराळा असे. तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर पानभर अगम्य चिन्हे. 'मराठी' हा एवढासा शब्द दाखवायलाही लोक त्याचे चित्र काढून चिकटवत. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा टंक घरोघरच्या संगणकांत आला, तेव्हा कुठे देवनागरी हमखास दिसू लागली. त्याचे आरेखन र. कृ. जोशी यांचे, तेच आपले कवी आणि सुलेखनकार. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि जगातल्या भाषांच्या त्या लांब यादीत 'मराठी' हे नाव मराठीत येऊन बसले. आज मुक्तपणे वापरता येतील असे चांगले देवनागरी टंक ढिगाने आहेत. गूगलच्या 'नोटो' या टंकमालेचे नावच मुळी 'नो टोफू' यावरून आले. टंक नसला की अक्षराच्या जागी जो रिकामा चौकोन दिसतो, त्याला छपाईवाले गमतीने टोफू म्हणतात, सोयाबीनच्या पनीराचा तुकडा! तो चौकोन आता आपल्या नशिबी येण्याचे कारण उरलेले नाही.

दारापलीकडे काय?

कुणी म्हणेल, बाई, एवढा खटाटोप कशाला? आता सगळ्यांना इंग्रजी येते आणि नाही आले तर ब्राउझर आपणहून भाषांतर करून देतो.

पहिल्याचे उत्तर जनगणनेत आहे. २०११ च्या गणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी येत असेलही, पण औषधाची मात्रा, कर्जाच्या अटी आणि मृत्युपत्राची भाषा माणसाला शंभर टक्के कळावी लागते. बाजारहाटापुरती कळून चालत नाही. यंत्राच्या भाषांतराने काम निभते, हे मी नाकारत नाही. त्याची प्रगती मी कौतुकाने पाहते. पण अर्जाखाली सही करायची असेल तर त्या मजकुराला कुणीतरी जबाबदार हवे. कार्यालयाने स्वतः दिलेला मराठी अर्ज आणि यंत्राने केलेला अंदाज, यांत फरक आहे तो हा.

काही संकेतस्थळे तर विचारतच नाहीत. तुम्ही कुठल्या गावी बसला आहात हे पाहून भाषा परस्पर ठरवतात. बडोद्याच्या मराठी घरात गुजराती पान उघडते, इंदूरच्या घरात हिंदी, बेळगावात कन्नड. माणसाचा पत्ता ही त्याची भाषा नव्हे, हे तंजावरच्या मराठी कुटुंबांहून अधिक कोण जाणते? अंदाज करायचाच तर वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये कुठली भाषा पहिली ठेवली आहे ते पाहावे. ते ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपणहून सांगत असतो. आणि अंदाज कितीही नेमका असो, यादी समोर असलीच पाहिजे. तुम्हाला गोडच आवडते असे ठरवून पाहुण्याच्या हातात वाटी देऊ नये, विचारावे.

आणि विचारले की तेच वाढावे. अर्ज निम्मा भरून झाल्यावर 'मराठी' दाबले, तर तोच अर्ज, भरलेल्या मजकुरासकट, मराठीत दिसायला हवा. पुष्कळ ठिकाणी माणूस थेट मुख्यपृष्ठावर फेकला जातो आणि सगळे पुसले जाते. पुन्हा तो 'मराठी'च्या वाटेला जात नाही. त्याहून वाईट म्हणजे दार देखणे आणि आत काहीच नाही. शीर्षके मराठीत, मजकूर इंग्रजीत आणि खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची. सीएसएसने ताट सुंदर वाढता येते. स्वयंपाक केलेला नसेल तर वाढणारा काय करील?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. मात्र या भाषेचे रोजचे मोजमाप मी जिथे करते, ती जागा पडद्याच्या कोपऱ्यात आहे. तिथे 'मराठी' हे नाव मराठीत आहे का, ते सहज दिसते का, दाबल्यावर तेच पान उघडते का, आणि उघडलेल्या पानावर खरोखर काही वाचायला आहे का?

वाचनालयाचे ते संकेतस्थळ आता चालू आहे. तिन्ही भाषांची नावे वरच्या बाजूला, उघडी, एका ओळीत. मराठी पहिली, कारण निम्म्याहून अधिक पुस्तके मराठी. कार्यवाहांनी दुसऱ्याच आठवड्यात फोन केला. "मॅडम, मघाशी एक आजोबा पुस्तकांची यादी स्वतः पाहून, क्रमांक लिहून घेऊन आले. कुणाला विचारलं नाही त्यांनी." एवढेच सांगायला फोन केला होता.

आज रविवार आहे, थोडी सवड असेल. आपल्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये भाषांची एक यादी असते, तिच्यात मराठीला पहिल्या क्रमांकावर आणून ठेवा. पाच मिनिटांचेही काम नाही. मग आपल्या बँकेचे, नगरपालिकेचे, मुलांच्या शाळेचे पान उघडून पाहा. मराठी सापडली तर घरातल्या मोठ्या माणसांना ती कुठे आहे ते दाखवून ठेवा. नाही सापडली तर 'संपर्क' या सदरात दोन ओळी लिहा. मराठीतच लिहा. मी त्या बाजूला बसून काम करते, म्हणून सांगते, अशी पत्रे वाचली जातात. दहा आली की बैठकीत विषय निघतो.